अंत्येष्टीतला ट

अण्णा गेले त्या रात्री घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम आले आणि माझ्या वाट्याला मजकूर आला. मी गेली एकवीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते, त्यामुळे आमच्या नात्यात कोणाची लग्नपत्रिका असो, बारशाचे आमंत्रण असो की जमिनीच्या वाटणीचा कच्चा मसुदा असो, तो एकदा माझ्या नजरेखालून जातोच. दादा म्हणाला, "पेपरात द्यायच्या ओळी तूच लिही, वेलांटी चुकली तर अण्णांना खपणार नाही." मी चार ओळी लिहिल्या: नाव, वय, 'समस्त आप्तेष्टांना कळवण्यात दुःख होते की', आणि शेवटी 'अंत्येष्टी सकाळी 11 वाजता'. लिहून झाल्यावर दोनदा वाचल्या, सवयीने एकदा उलटीकडूनही वाचल्या, आणि पाठवून दिल्या.

सकाळी पेपर आला तेव्हा अण्णा ओसरीवर होते, उशाशी समई तेवत होती आणि मी त्यांच्या पायाशी बसून ती चौकट वाचत होते. नाव बरोबर होते, वय बरोबर होते, आणि शेवटच्या ओळीत छापले होते 'अंत्येष्ठी'. ट गेला होता आणि त्याच्या जागी ठ येऊन बसला होता. अक्षरे जोडणाऱ्याच्या बोटांना 'ज्येष्ठ', 'श्रेष्ठ', 'कनिष्ठ' यांची सवय असणार आणि त्याच ओघात हा शब्दही त्याने त्या पंगतीला बसवला असणार, हे मला कळत होते, तरी माझी नजर त्या अक्षरावरून हलेना. आत्या शेजारी बसली होती. तिने विचारले, "काय बघतेस एवढं?" मी म्हटले, "ट चा ठ पडलाय." ती चष्म्याआडून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, मेल्या माणसाला ट काय आणि ठ काय."

आत्याचे म्हणणे त्या सकाळी मला पटले, कारण दुसरे काही पटवून घेण्याचे बळ नव्हते. पण नंतरच्या तेरा दिवसांत, सुतकात हाताला काम नसताना, मी त्या एका अक्षराच्या मागे लागले आणि पाहता पाहता फार जुन्या जागी जाऊन पोहोचले.

ठ घालून लिहिले तर त्या शब्दाचा अर्थच हरवतो. 'ज्येष्ठ' आणि 'श्रेष्ठ' यांतला 'इष्ठ' हा संस्कृतातला पराकाष्ठा दाखवणारा प्रत्यय आहे, म्हणजे 'अंत्येष्ठ' असा शब्द असलाच तर त्याचा अर्थ 'सर्वांत शेवटचा' असा काहीतरी होईल. 'अंत्येष्टी' मात्र अंत्य आणि इष्टी अशी फोडायची, आणि ही इष्टी म्हणजे यज्ञ. 'यज्' या धातूतल्या य चा इ होतो आणि त्यातून इष्टी येते. यज्ञ, यजमान, याज्ञिक ही सगळी तिची सख्खी भावंडे. दशरथाने केली ती पुत्रकामेष्टी हीच. म्हणजे शब्द नीट उच्चारला तर 'शेवटचा यज्ञ' एवढेच तो सांगतो. दुःख, निरोप, माती, राख यांतले काहीही त्या शब्दात नाही. सोळा संस्कारांची यादी शाळेत पाठ केली तेव्हा तिच्या टोकाला हा शब्द होता, पण तो यज्ञाचे नाव आहे हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

गंमत अशी की मी लिहिलेल्या त्याच चौकटीत आणखी एक 'इष्ट' बसलेला होता. आप्तेष्टांमधला इष्ट हा यज्ञाचा नव्हे, तो 'इष्' म्हणजे इच्छिणे या धातूचा, म्हणजे आवडता, हवासा. दिसायला दोन्ही अगदी एकसारखे. इष्टमित्र, इष्टदेवता हे त्याच्या कुळातले. चार ओळींच्या मजकुरात ज्यांना अण्णा हवे होते ते इष्ट आणि अण्णांचा व्हायचा होता तो यज्ञ असे दोघे एकमेकांना न ओळखता बसले होते. एकवीस वर्षे हे दोन्ही शब्द मी तपासत आले आणि मला ते दिसले नव्हते.

इष्टी हा शब्द सैलपणे वापरायचा नाही, असे याज्ञिक सांगतात. सोमयाग वेगळा, पशुयाग वेगळा, आणि धान्याच्या पुरोडाशाची, म्हणजे भाजलेल्या जाड पोळीची, आणि तुपाची आहुती देऊन होणारी ती इष्टी. तिचा नमुना म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला होणारी दर्शपूर्णमास इष्टी. ज्याने घरात तीन अग्नी स्थापन केले, गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नी, तो आहिताग्नी. आणि त्याने हे अग्नी आयुष्यभर सांभाळायचे, पंधरवड्याच्या पंधरवड्याला इष्टी करायची. अशा माणसाच्या आयुष्यात इष्ट्या मोजायच्या म्हटल्या तर त्या शेकड्यांनी भरतील. त्यांतली शेवटची, जी तो स्वतः करू शकत नाही आणि जिच्यात आहुती म्हणून तो स्वतःच जातो, ती अंत्येष्टी. माझ्या समजुतीप्रमाणे हा शब्द मुळात अशाच एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घडला आहे आणि बाकीच्या आपण सगळ्यांनी तो पुढे उसना घेतला आहे.

आश्वलायनाच्या गृह्यसूत्राचा, म्हणजे घरच्या विधींच्या जुन्या सूत्रग्रंथाचा, चौथा अध्याय वाचताना हे मला अगदी हाताने चाचपावे तसे जाणवले. चितेवर आहिताग्नीला निजवल्यावर त्याची यज्ञाची पात्रे त्याच्या अंगावर मांडायची असतात. त्याला पात्रचयन म्हणतात. उजव्या हातात जुहू द्यायची, ती पळसाच्या लाकडाची पळी, जिने त्याने जन्मभर आहुत्या दिल्या. डाव्या हातात उपभृत्, ती पिंपळाची. उजव्या कुशीला स्फ्य, म्हणजे खैराची लाकडी तलवार, जिने वेदी आखायची. डाव्या कुशीला अग्निहोत्राची पळी. छातीवर ध्रुवा, तीही पळीच. डोक्यावर कपाले, म्हणजे ज्या खापरांवर पुरोडाश भाजायचा ती. आपल्या कपाळाचा आणि त्या खापराचा शब्द एकच आहे हे इथे उगाचच लक्षात येते. दातांवर सोम कुटण्याचे दगड. नाकपुड्यांवर स्रुवे, म्हणजे छोट्या पळ्या. पोटावर पात्री. मांड्यांवर अरणी, ज्यांच्या घुसळणीतून त्याचा अग्नी पहिल्यांदा जन्मला होता. पायांवर उखळ-मुसळ, पावलांवर सुपे. ज्या पात्रांना खोलगट भाग आहे ती तुपाने भरायची.

सुतार मेला तर त्याच्या छातीवर रंधा ठेवावा, करवत हातात द्यावी, तसे हे आहे. त्या सूत्रात रडणे नाही, सांत्वन नाही, फक्त कुठले भांडे कुठे हे आहे. तरीही ते वाचून मला जे झाले ते शोकगीते वाचून झालेले नाही. आणि मग त्या यादीच्या शेवटी एक छोटे सूत्र येते, ज्याच्यापाशी मी बराच वेळ थांबले. दृषद् आणि उपला, म्हणजे धान्य वाटण्याचा पाटा आणि वरवंटा, मुलाने घरी ठेवून घ्यावेत. तांब्या-लोखंडाची आणि मातीची भांडीही. बाकी सगळे बापाबरोबर जाते. वाटायचे दगड मागे राहतात.

'अंत्येष्टी' हा शब्द ऋग्वेदात नाही, पण त्याच्यामागची कल्पना दहाव्या मंडलात जागोजाग आहे. सोळाव्या सूक्तात अग्नीला विनवले आहे की याला पुरता जाळू नकोस, होरपळू नकोस, याची कातडी आणि अंग विखरू नकोस. तो 'शृत' झाला, म्हणजे शिजला, की मग त्याला पितरांकडे पाठव. 'शिजला' हा शब्द आपल्या कानाला खुपतो. पण आहुतीची वस्तू कच्ची द्यायची नसते, एवढाच त्यामागचा विचार आहे, आणि तो कळला की अग्नी त्या सूक्तात चितेवरच्या जाळापेक्षा स्वयंपाक्यासारखा आणि वाटाड्यासारखा दिसू लागतो. दोन सूक्ते अलीकडे, चौदाव्यात, मेलेल्या माणसालाच सांगितले आहे: पितरांशी जाऊन मिळ, यमाशी मिळ, तुझ्या इष्टापूर्ताशी मिळ. पुन्हा इष्ट, आणि हा यज्ञाचा. तू जे यज्ञ केलेस ते तुझ्या आधी तिथे पोचले आहेत, ते तुला तिथे भेटतील, असा त्याचा भाव. त्याच ऋचेत पुढे 'पुनरस्तमेहि' आहे. या 'अस्त'चा अर्थ घर. दोष मागे टाकून पुन्हा घरी ये, असे ते सांगणे आहे. सूर्याचा अस्त होतो असे आपण रोज म्हणतो तेव्हा मुळात सूर्य घरी गेला एवढेच म्हणत असतो. मराठीत अस्ताला बुडण्याचा, संपण्याचा अर्थ इतका चिकटला आहे की त्यातले घर आता कोणाला दिसत नाही.

अंत्येष्टीच्या आधीचा शब्द पितृमेध. अश्वमेधातला मेध तोच. बौधायन, भारद्वाज, हिरण्यकेशी यांची पितृमेधसूत्रे आहेत, आणि बौधायनाने एका वाक्यात म्हणून ठेवले आहे की जन्मानंतरच्या संस्काराने माणूस हा लोक जिंकतो आणि मृत्यूनंतरच्या संस्काराने तो लोक. तरीही संस्कारांची गणती करताना याला घ्यायचे की नाही याबद्दल सगळ्यांचे एकमत नव्हते. धर्मसूत्रकार गौतमाने 40 संस्कार मोजले आणि त्यांत हा मोजला नाही. मनूने मात्र 'निषेकादिश्मशानान्त' म्हणजे गर्भापासून श्मशानापर्यंत असे म्हणून तो आत घेतला. घराची मोजणी करताना स्मशानाकडे उघडणारे दार धरायचे की नाही, असा तो प्रश्न असावा. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे प्रचंड काम केले, त्यात हे सगळे धागे एका ठिकाणी मिळतात. माझ्यासारखी जिला संस्कृत चाचपडत वाचावे लागते तिला त्यांचा मोठाच आधार होतो.

'अंत्येष्टी' हे नाव ठळकपणे डोळ्यांत भरते ते पद्धतीच्या ग्रंथांत. पद्धती म्हणजे काय आधी आणि काय नंतर हे पुरोहिताला हाताशी धरून सांगणारे पुस्तक. सोळाव्या शतकात काशीच्या नारायणभट्टांनी 'अंत्येष्टिपद्धती' लिहिली. (मुद्रितशोधकाची सवय म्हणून सांगते: अंत्येष्टी एकटी असताना मराठीत तिची वेलांटी दीर्घ, समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व.) हे नारायणभट्ट काशीचे खरे, पण त्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणहून तिकडे गेलेले. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट, ज्यांचा 1612 सालचा 'निर्णयसिंधु' अजूनही आपल्याकडच्या पंचांगवाल्यांच्या तोंडी असतो. आणि पणतू गागाभट्ट, ज्यांनी 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. राज्याभिषेकाची आणि अंत्येष्टीची पद्धती एकाच घराण्यातून यावी हे मला फार योग्य वाटते. दोन्ही ठिकाणी एका देहाला दुसऱ्या पदावर नेऊन बसवायचे असते.

पैठणचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण अण्णांचा दहावा आम्ही पैठणलाच केला. गोदावरीच्या घाटावर सकाळी ऊन चढायच्या आत गेलो होतो. वर जायकवाडीचे धरण असल्याने नदीला पाणी किती असेल ते धरणावर ठरते. त्या दिवशी पायऱ्या बऱ्याच खाली उतरून जावे लागले. दादाचे मुंडन झाले होते आणि तो अचानक अण्णांसारखा दिसू लागला होता. गुरुजींनी अश्मा म्हणजे विधीचा दगड मांडला, दर्भ मांडले, भाताचे पिंड वळायला सांगितले. गुरुजी सांगत होते, "सव्य करा… आता अपसव्य करा," आणि दादा जानवे या खांद्यावरून त्या खांद्यावर नेत होता, चुकत होता, पुन्हा नेत होता. देवांसाठी डाव्या खांद्यावर, पितरांसाठी उजव्या. कुठल्याही कटकटीच्या कामाला मराठीत 'सव्यापसव्य' म्हणतात तो शब्द मी शेकडो वेळा तपासला आहे. बँकेचे सव्यापसव्य, दाखल्याचे सव्यापसव्य. तो कुठून आला हे मी त्या घाटावर पहिल्यांदा पाहिले.

मराठीच्या रोजच्या बोलण्यात या विधीचे असे कितीतरी तुकडे विखुरलेले आहेत. नोकरीला तिलांजली देतात, भांडणाला मूठमाती देतात, घसरून पडलेल्याचा कपाळमोक्ष होतो, आणि एखाद्याशी काही देणेघेणे नसले की त्याचे सोयरसुतक नाही म्हणतात. या शेवटच्या जोडशब्दात तर मोठीच उलथापालथ आहे. सूतक हा शब्द 'सू' म्हणजे जन्म देणे या धातूचा. प्रसूती, सूतिका यांच्या घरचा. जन्म झाला की घराला जी अशुद्धी लागते तिचे नाव सूतक होते. मरणाच्या अशुद्धीला शावाशौच असे वेगळे नाव होते. पुढे सूतक दोन्हींना चालू लागले आणि मराठीत येता येता जन्माकडे सोयर राहिले व सुतक पूर्णपणे मरणाकडे गेले. बाळंतिणीच्या खोलीतला शब्द स्मशानातून परत आलेल्यांच्या अंगावर येऊन बसला.

'प्रेत' या शब्दाचेही तसेच. मराठीत प्रेत म्हणजे निव्वळ मढे, किंवा मग भुताचा जोडीदार. मुळात तो 'प्र' आणि 'इत', पुढे गेलेला, एवढाच आहे. चौदाव्या सूक्तात त्याला 'प्रेहि, प्रेहि' म्हणजे पुढे जा, पुढे जा असे सांगितले आहे, आणि जो त्याप्रमाणे निघाला तो प्रेत. नंतरच्या विधीत हा निघालेला माणूस मधल्या एका अवस्थेत असतो. देह जळून गेलेला, पितरांत अजून बसायचा. त्याच्यासाठी दहा दिवस दहा पिंड. पहिल्या पिंडाने डोके घडते, मग एकेक अवयव, आणि दहाव्याने तहानभूक. जळालेल्या देहाच्या जागी तात्पुरता एक देह भाताच्या गोळ्यांनी रचायचा आणि शेवटी त्याला भूक लावायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याने कोणालातरी फार जवळून गमावले असले पाहिजे असे मला वाटते. या वरच्या देहासाठी जे करायचे ते ऊर्ध्वदेहाचे म्हणून 'और्ध्वदेहिक'. हा शब्द आता कोशात आणि जुन्या पत्रांतच सापडतो, आणि सापडला की हमखास चुकीचा छापलेला असतो. सपिंडीकरण खरे तर वर्षाने करायचे, ते बाराव्या दिवशी उरकण्याची वाट शास्त्रकारांनीच काढून दिली. त्या दिवशी प्रेत प्रेत राहत नाही, पितर होते.

त्याच पैठणात एकनाथांची श्राद्धाची गोष्ट सांगतात. पितरांसाठी केलेल्या अन्नाचा वास घेऊन दाराबाहेर थांबलेल्या भुकेल्या, अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना नाथांनी आधी जेवू घातले, ब्राह्मण रागावून आले नाहीत, आणि मग पितर स्वतःच पानावर येऊन बसले. ही आख्यायिकाच आहे. पण ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक होती, की श्राद्ध हा शब्द श्रद्धेतून आला आहे आणि त्यात जेवणाऱ्याची जात कुठे येत नाही.

विधी करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ही समजूत कोणी दाखवली नाही. आपल्याकडे जे ब्राह्मण मर्तिकाची क्रिया चालवत त्यांना किरवंत म्हणत. क्रियावंत, जो क्रिया करतो, या चांगल्या अर्थाच्या शब्दाचे झिजून झालेले हे रूप. शब्द झिजला तसा त्यांचा मानही झिजला; लग्नाला बोलवायचे नाही, पंगतीला दूर बसवायचे, मुलगी द्यायची नाही. ज्याच्यावाचून एकही घर आपल्या माणसाला वाटेला लावू शकत नव्हते त्यालाच घराबाहेर ठेवायचे. शेवटचा यज्ञ म्हणून गौरवायचे आणि तो चालवणाऱ्याची सावली टाळायची, हे दोन्ही एकाच समाजाने शतकानुशतके बिनतक्रार केले. मंत्राग्नी आणि भडाग्नी यांतही तीच वाटणी आहे. मंत्र म्हणून दिला तो मंत्राग्नी, मंत्राविना लावला तो भडाग्नी, आणि कोणाला कुठला मिळणार हे जन्मानेच ठरलेले. या सगळ्याला पहिला सणसणीत धक्का दिला तो जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजाने, पुरोहितावाचून विधी करून. आणि 1890 च्या नोव्हेंबरात पुण्यात जोतीराव गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांत वाद उभा राहिला असता सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि पुढे चालू लागल्या. टिटवे म्हणजे तिरडीपुढे न्यायचे विस्तवाचे मडके. अण्णांचे दादाने धरले. मला कोणी विचारले नाही, आणि मीही मागितले नाही. त्याचा विचार आता, हे लिहिताना करते आहे.

अंत्येष्टी हा लिहिण्याचा शब्द आहे. बोलण्यात तो कधी नव्हताच. आमच्या गावाकडे कोणी गेले की लोक 'मातीला' जातात. चिता रचलेली असली, पुरायचे काही नसले, तरी मातीलाच. शहरात 'मयताला' जातात, आणि हा मयत तर अरबी. पेशवाईच्या आधीपासून दरबारी कागदांतून जे अरबी-फारसी शब्द आपल्याकडे आले त्यांच्या संगतीने तो आला आणि इतका आपला झाला की सातबारावर वारसाची नोंद करताना अण्णांच्या नावाआधी तलाठ्याने तोच लिहिला. तिसऱ्या दिवशी आम्ही 'सावडायला' गेलो. सावडणे म्हणजे गोळा करणे, पांगलेले एकत्र करणे. राखेवर पाणी आणि दूध शिंपडले, आणि दादाने, चुलतभावाने आणि मीही, बोटांनी चाचपून एकेक अस्थी उचलली. ती अपेक्षेपेक्षा हलकी होती, खडूसारखी, आणि बोटांना पांढरे लागले. नंतर 'दिवस' घातले. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. या शब्दांत देव नाही, लोक नाही, यज्ञ नाही. नुसती मोजणी आहे. ज्याचे माणूस गेले आहे त्याला त्या काळात एवढेच जमते, हे ज्याने कोणी ही नावे ठेवली त्याला समजत असावे. आत्याला मी विचारले की तू कधी अंत्येष्टी म्हणतेस का, तर ती म्हणाली, "ते पेपरात असतं."

आमच्या अण्णांनी तीन अग्नी कधी ठेवले नव्हते. त्यांचा एकच अग्नी होता, सकाळचा चहा करायचा गॅस, जो ते पाच वाजता पेटवत आणि साऱ्या घराची झोप मोडत. त्यांच्या अंगावर मांडायला जुहू, स्फ्य काही नव्हते. तिरडीवर ठेवताना दादाने त्यांचा चष्मा काढला आणि तो आपल्या खिशात ठेवला. नेमके काय बरोबर द्यायचे आणि काय मागे ठेवायचे हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, सूत्रकार त्या बाबतीत पक्का होता. त्यांचे पेन, त्यांचा घड्याळाचा पट्टा, हिशेबाची वही, अशी जी त्यांची पात्रे म्हणता येतील ती सगळी टेबलाच्या खणात तशीच राहिली आहेत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, गोडाचे जेवण झाल्यावर, सगळे पाहुणे गेले आणि घर एकदम मोठे झाले. आत्या स्वयंपाकघरात गेली. तिला मिक्सरमधली चटणी चालत नाही, आणि तेरा दिवस घरात वाटणघाटण असे झाले नव्हते. तिने कोपऱ्यातला पाटा ओढला, वरवंटा नळाखाली धरून हाताने चोळून धुतला आणि मला म्हणाली, "हा तुझ्या आजीचा. अण्णाच्या बारशाला ह्यालाच टोपरं घालून आधी पाळण्यात ठेवलं होतं, मग त्याला. असा टणक हो म्हणून." मी विचारले, तू होतीस तेव्हा? "होते की. सहा वर्षांची होते. पाळण्याखालून हा मीच दिला होता पलीकडे. जड होता."

तिने पाट्यावर ओले खोबरे, मिरच्या आणि मीठ घेतले आणि वाटायला बसली.